भोंगा थांबला, मग गुत्त्याला वेळच उरली नाही

"गिरणीवाले दारूत बुडाले म्हणून गिरणगाव संपलं." हे वाक्य अजून ऐकू येतं. नव्या टॉवरमध्येच नाही, आपल्याच घरांतही. मंडळी, जरा क्रम तपासूया.

दारू आधीही होती, हे मान्यच. 1950 साली दारूबंदी आली, साठच्या दशकात सैल झाली, पण हातभट्टी थांबली नाही. काळा गूळ, नवसागर आणि गल्लीतली 'आंटी'. तरी गिरणी चालू होती तोवर पिण्याला कुंपण होतं. भोंगा वाजला की पाळीवर हजर राहायचं. दांडी मारली तर जागा घ्यायला बदली कामगार गेटवर उभाच.

18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागण्या होत्या पगारवाढ, बोनस आणि बीआयआर कायदा रद्द करण्याच्या. आपल्या भायखळ्यात खटाव मिल होती, न्यू ग्रेट ईस्टर्न होती. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. लाखाहून जास्त लोकांचं काम गेलं.

पैसा आटल्यावर सगळेच जास्त प्यायले का? नाही. अनेकांची कमी झाली, परवडेचना. कित्येक जण गावी जाऊन शेतीला लागले. पण ज्याचा तोल आधीच ढळलेला होता, त्याचं कुंपणच गेलं. सकाळी उठून जायचं कुठे? घर बायकोच्या डब्यांवर चाललेलं, त्याची लाज वेगळीच. मग दुपारपासूनच गुत्ता, तोही उधारीवर. बाटली परवडत नाही म्हणून नवटाक, तीही हातभट्टीची.

हे फक्त गिरणीवाल्यांचं नाही. 1929 ला अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, त्यात बिल विल्सन नावाचा दलाल बुडाला. तो आधीपासूनच पीत होता, नंतर पार हाताबाहेर गेला. 1935 साली त्याने डॉ. बॉब स्मिथसोबत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं. 'दलालांच्या दारूमुळे वॉल स्ट्रीट बुडालं' असं कुणी म्हणत नाही. मग आपल्या बापजाद्यांनाच हा न्याय का?

मंदी सगळ्यांना सारखं पाजत नाही. कडेला उभा असलेल्याला ढकलते. आजही आपल्या मजल्यावर कुणाची नोकरी गेली असेल, तर उपदेश नंतर करा. सकाळी त्याला घराबाहेर पडायला एखादं कारण मिळवून द्या. आणि पिणं आवरतच नसेल, तर ॲनॉनिमसच्या मीटिंगला सोबत जा. तिथे फी लागत नाही.