मायक्रोप्रोफाइल कॉन्फिग

मायक्रोप्रोफाइल कॉन्फिग : डेटाबेसचा पत्ता, पोर्ट क्रमांक, वेळेची मर्यादा अशी ठिकाणानुसार बदलणारी मूल्ये कोडबाहेर ठेवून जावा प्रोग्रॅममध्ये वाचण्याची प्रमाणित पद्धत. एक्लिप्स फाउंडेशनच्या मायक्रोप्रोफाइल प्रकल्पातून तिची पहिली आवृत्ती 2017 मध्ये आली. अपाचे डेल्टास्पाइक आणि अपाचे तमाया हे तिचे पूर्वसुरी.

स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रोग्रॅमचे काम प्रॉपर्टीज फाइल आणि कमांड लाइनवर भागते. एंटरप्राइज सर्व्हरवर मात्र एकाच जेव्हीएममध्ये अनेक ॲप्लिकेशन्स चालू शकतात. सिस्टिम प्रॉपर्टीज त्या सर्वांच्या सामायिक असल्याने एकासाठी दिलेले मूल्य दुसऱ्यालाही लागू होते. सामायिक लायब्ररीने मूल्ये स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये साठवली, तर आधी सुरू झालेल्या ॲप्लिकेशनची मूल्ये नंतरच्याच्या हाती पडतात. शिवाय ॲप्लिकेशन काढून टाकले तरी त्याची मेमरी अडकून राहू शकते. म्हणून मायक्रोप्रोफाइल कॉन्फिगमध्ये कॉन्फिगरेशन क्लासलोडरशी, म्हणजे क्लास मेमरीत आणणाऱ्या आणि सर्व्हरवर सहसा प्रत्येक ॲप्लिकेशनसाठी वेगळ्या असणाऱ्या घटकाशी, बांधलेले आहे. चालू थ्रेडच्या क्लासलोडरवरून कोणाचे कॉन्फिगरेशन द्यायचे ते ठरते. साध्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये बहुधा एकच क्लासलोडर संबंधित असतो, त्यामुळे तोच कोड तेथेही चालतो. या रचनेतील सर्वांत मोलाचा निर्णय हाच.

एकच मूल्य अनेक ठिकाणी सापडल्यास क्रमांक मोठा त्याचे चालते : सिस्टिम प्रॉपर्टीज 400, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 300, ॲप्लिकेशनसोबत दिलेली फाइल 100. डेल्टास्पाइकमध्ये 200 या क्रमांकावर जेएनडीआय (नावावरून मूल्य शोधण्याची जावाची सोय) होते; येथे ते मूळ संचात नाही. हवा असलेला स्रोत जावाच्या सर्व्हिसलोडर यंत्रणेमार्फत जोडता येतो. ही मोकळीक योग्यच आहे, कारण प्रत्येक संस्थेचे साठे वेगळे असतात.

सीडीआय (लागणारे घटक आपोआप पुरवणारी जावाची प्रमाणित यंत्रणा) असलेल्या सर्व्हरवर मूल्य इंजेक्ट करता येते आणि आवश्यक मूल्य नसल्यास ॲप्लिकेशन सुरू होतानाच अडते. चूक रात्री ग्राहकापुढे उघड होण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. सीडीआय नसेल तेथे तेच मूल्य थेट कोडमधून मागता येते. गाभा सीडीआयवर अवलंबून ठेवला असता, तर लहान प्रोग्रॅमना ही लायब्ररी निरुपयोगी ठरली असती.

मराठी मूल्ये ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जावाचा प्रॉपर्टीज वर्ग इनपुटस्ट्रीममधून वाचताना आयएसओ 8859-1 गृहीत धरतो, त्यामुळे सरळ लिहिलेली देवनागरी बिघडते. जावा 6 पासून रीडरमार्फत वाचण्याची सोय आहे. नवा स्रोत लिहिणाऱ्याने फाइल यूटीएफ-8 रीडरनेच उघडावी.