मानेभोवती फिरणारा किरण : कंस-किरणोपचाराची वाटचाल

डोके आणि मान या भागातील कर्करोगावर किरणोपचार करताना खरी अडचण शरीररचनेची असते. घसा, जिभेचे मूळ, स्वरयंत्र आणि दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथी मिळून तयार होणारे लक्ष्य कवटीच्या तळापासून गळ्याच्या हाडापर्यंत पसरते आणि मज्जारज्जूला घोड्याच्या नालेसारखे वेढते. गाठीला सुमारे ७० ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रा द्यावी लागते. मज्जारज्जूची मात्रा मात्र साधारण ४५ ग्रेच्या आत ठेवतात. कानाखालच्या पॅरोटिड लाळग्रंथींना सरासरी २६ ग्रेपेक्षा बरीच जास्त मात्रा मिळाली, तर तोंडाला कायमची कोरड पडण्याचा धोका वाढतो.

कोबाल्ट यंत्रांच्या काळात डाव्या-उजव्या बाजूंनी समोरासमोर दोन झोत टाकत. मज्जारज्जूची मर्यादा जवळ आली की झोत पुढे सरकवून मानेच्या मागच्या भागाला कमी खोल जाणारे इलेक्ट्रॉन देत. या पद्धतीत गाठीवर मारा होई, पण लाळग्रंथी वाचत नसत.

झोत रुग्णाभोवती फिरवण्याची कल्पना त्याही आधीची आहे. जपानमध्ये नागोया येथील शिंजी ताकाहाशी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात तिला पद्धतशीर रूप दिले. यंत्र फिरत असताना झोताच्या कडा प्रत्येक कोनातून दिसणाऱ्या गाठीच्या आकाराप्रमाणे बदलत. मात्र झोताच्या आतली तीव्रता सर्वत्र सारखीच असल्याने लक्ष्याच्या खोबणीतला मज्जारज्जू टाळणे कठीण होते. त्यावरचा गणिती मार्ग १९८२ मध्ये स्वीडनमध्ये अँडर्स ब्राह्मे आणि सहकाऱ्यांनी दाखवला. मधल्या अवयवाला वगळून भोवतालच्या कड्याला मात्रा द्यायची असेल, तर झोताच्या आतली तीव्रताच जागोजागी बदलायला हवी, हे त्यांच्या समीकरणातून स्पष्ट झाले.

१९९० च्या दशकात यातून दोन वाटा निघाल्या. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉक मॅकी यांच्या गटाने १९९३ मध्ये टोमोथेरपीची संकल्पना मांडली. सीटी स्कॅनप्रमाणे कड्यात सतत फिरणारा अरुंद झोत, त्यातून सरकत जाणारा रुग्ण आणि झोताचे लहान भाग क्षणार्धात उघडणाऱ्या-मिटणाऱ्या ६४ पट्ट्या, अशी तिची रचना झाली. दुसरी वाट सेड्रिक यू यांनी १९९५ मध्ये सुचवली : नेहमीच्याच लिनॅकवर (रेषीय त्वरकावर) एकावर एक अनेक कंस फिरवायचे आणि प्रत्येक कंसात पट्ट्यांनी घडवलेला झोताचा आकार बदलत न्यायचा. मात्र अनेक फेऱ्या आणि त्यांचे किचकट नियोजन यांमुळे ती फारशी रुळली नाही.

२००८ मध्ये कॅनडातील कार्ल ओटो यांनी ही अडचण दूर केली. यंत्राचा वेग, पट्ट्यांची जागा आणि मात्रेचा दर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलत ठेवून एका फेरीत उपचार पूर्ण करण्याची गणनपद्धती त्यांनी मांडली. हीच व्हीमॅट (व्हॉल्यूमेट्रिक मॉड्युलेटेड आर्क थेरपी), म्हणजे तीव्रता बदलत जाणारा कंस-उपचार.

त्यानंतर तुलना सुरू झाली. अ‍ॅमस्टरडॅममधील २००९ च्या एका अभ्यासात डोके-मानेच्या १२ रुग्णांसाठी आयएमआरटी (स्थिर कोनांतून झोताची तीव्रता बदलत दिलेला किरणोपचार) आणि कंस-उपचार यांच्या योजना शेजारी ठेवल्या गेल्या. एकाऐवजी दोन कंस वापरल्यास मात्रा अधिक समान पसरते, असे दिसले. लांब आणि वाकड्या लक्ष्यासाठी एका फेरीत पट्ट्यांना जागा बदलायला पुरेसा अवसर मिळत नाही, हे त्यामागचे कारण. यंत्राने सोडायचे किरण आयएमआरटीच्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांनी घटले आणि उपचार काही मिनिटांत होऊ लागला. रुग्णाला चेहऱ्यावर घट्ट मुखवटा लावून हालचाल न करता पडून राहावे लागते, म्हणून ही बचत महत्त्वाची ठरते. टोमोथेरपी मात्रेच्या समानतेत सरस ठरू शकते, पण तिला सहसा अधिक वेळ लागतो. सर्व बाजूंनी येणाऱ्या किरणांमुळे निरोगी ऊतींच्या मोठ्या भागाला थोडी मात्रा मिळते, ही मर्यादा दोन्हींत आहे.

रुग्णाला झालेला लाभ मात्र मुख्यतः तीव्रता बदलण्याच्या तत्त्वाचा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने ६० रुग्णांवर केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाळग्रंथींचा मध्यम किंवा तीव्र त्रास तीव्रता न बदलणाऱ्या जुन्या त्रिमितीय पद्धतीत ८९ टक्के, तर आयएमआरटीत ५९ टक्के रुग्णांना झाला. कर्करोगावरील नियंत्रणात ठळक फरक आढळला नाही. ब्रिटनमधील पार्स्पोर्ट चाचणीतही वर्षभरानंतर कोरड पडलेल्यांचे प्रमाण ७४ वरून ३८ टक्क्यांवर आले होते. लाळग्रंथी वाचवण्याचा हा लाभ कंस-उपचाराने कायम ठेवला आणि तो मिळवण्यास लागणारा वेळ कमी केला.