घराचा पहारेकरी आणि घराचा कारभारी

पन्हाळ्याला सहल नेली की मुले तीन दरवाज्यापाशी हमखास रेंगाळतात. या खेपेला आमच्याबरोबरच्या एका शिक्षकांनी तिथेच एक प्रश्न काढला. ते नवे घर बांधत आहेत. दाराखिडक्यांवर पहारा ठेवेल आणि शिवाय दिवे, पंखे, पाण्याचा पंपही चालवेल, असे एकच पॅनेल घ्यावे का? आम्ही म्हणालो, उभे आहोत तिथेच उत्तर शोधू या.

तीन दरवाज्याचे बाहेरचे दार ओलांडले तरी माणूस थेट गडात पोचत नाही. मध्ये चौक लागतो, मग पुढचे दार. आलेला माणूस कोण, हे ठरवायला पहारेकऱ्यांना तेवढा वेळ मिळे. आजच्या पॅनेलातही हीच सोय असते. दार उघडताच घंटा वाजत नाही. घरच्या माणसाला संकेतांक दाबायला तीसेक सेकंद मिळतात.

जवळच अंधारबाव आहे. आदिलशाही काळातील ही तीन मजली इमारत. तळाशी पाणी, वर शिबंदीला राहायला जागा, भिंतींत कोनाडे आणि निसटायला वाट. वेढा घालणारे पाण्यात विष कालवत, म्हणून पाणीच पहाऱ्यात ठेवले. पहारा आणि पाणी एका छपराखाली आले. पण बाकीचा गड पडला तरी ही जागा स्वतःच्या बळावर काही काळ तगावी, अशी रचना केली.

शिवाजी महाराजांच्या गडांवर कारभारही वाटलेला असे. हवालदाराकडे चाव्या, सबनिसाकडे हिशेब, कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळा. एक माणूस फितला तरी सगळा गड जाऊ नये, हा हेतू.

यंत्रांच्या जगात पहारेकरी आणि कारभारी जन्मलेच वेगवेगळे. अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले. दार उघडले की परिपथ पूर्ण होई आणि घंटा वाजे. यातली उणीव मुलांना चटकन सापडते : चोराने तार आधीच कापली तर? म्हणून पुढे उलटी रचना रूढ झाली. परिपथात वीज सतत वाहती ठेवायची आणि ती खंडली की घंटा वाजवायची. मग दार उघडा किंवा तार कापा, बोभाटा होणारच. सेल, घंटा आणि एक रिले घेऊन दोन्ही रचना वर्गात करून पाहाव्यात.

कारभारी आला सुमारे सव्वाशे वर्षांनी. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये एक्स-टेन ही पद्धत काढली. घरातल्या विजेच्या तारांतूनच १२० किलोहर्ट्झचे संकेत पाठवून दिवे लावता-मालवता येऊ लागले. मात्र सुरुवातीची उपकरणे ‘हुकूम पोचला’ असे उलट कळवत नसत. संकेत वाटेत हरवला तर आपण पुन्हा कळ दाबायची. दिव्याच्या बाबतीत हे चालून जाते. चोरघंटेच्या बाबतीत नाही.

दोघांना एकत्र आणताना आणखी एक धोका असतो. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. दरवाजे मजबूत होते, पण ही माणसे रात्री अवघड कड्यावरून चढली. वर येताच त्यांनी कर्णे फुंकले आणि गडावर गोंधळ उडाला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने इंटरनेटला जोडलेले लाखो कॅमेरे आणि इतर उपकरणे अशीच काबीज केली. हत्यार काय, तर कारखान्यातून आलेल्या आणि मालकांनी कधीच न बदललेल्या पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी! दिवा फोनवरून लावण्यासाठी उघडलेली वाट हाही घराचा एक कडाच असतो.

तेव्हा पॅनेल एक असायला हरकत नाही, पण त्याच्या आत हवालदार आणि कारखानीस वेगळे हवेत. वीज गेली तर पहारा बॅटरीवर चालू राहतो का? पन्हाळ्याच्या पावसात हा प्रश्न पहिला. इंटरनेट बंद असले तरी घंटा वाजते का? संवेदकाची तार तुटली, किंवा बिनतारी संवेदकाची बॅटरी संपली, तर पॅनेल आपणहून सांगते का? दिवा लावण्याची मुभा असलेल्या पाहुण्याला पहारा बंद करता येतो का? पहिल्या तीन प्रश्नांना ‘हो’ आणि चौथ्याला ‘नाही’ असे उत्तर मिळाले, तरच पॅनेल घ्यावे. आणि घरी आणल्याबरोबर पासवर्ड बदलावा.

आमच्या सहकाऱ्यांनी हे प्रश्न वहीत उतरवून घेतले. दुकानात गेल्यावर पंखे-दिव्यांची करामत पाहण्याआधी मेन स्विच बंद करायला सांगायचा, असे त्यांनी ठरवले आहे. परतताना एका मुलीने विचारले, “सर, आपल्या शाळेची घंटा वीज गेल्यावर वाजते का?” आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. आपल्या शाळेत ही तपासणी तुम्हीही मुलांकडून करून घ्या.