तगादा आणि हुकूमनामा

उधारीवांचून बाजार चालत नाहीं, आणि जेथें उधारी आली तेथें बुडीतही आलीच. दुकानदार गिऱ्हाइकाच्या नांवें वहींत रक्कम मांडतो ती विश्वासावर. तो विश्वास मोडला म्हणजे रक्कम परत कशी मिळवावयाची, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे. आज त्याचें उत्तर आपण वकिलाकडे मागतों. आपले पूर्वज तें कोणाकडे मागत होते, आणि त्यांच्या उत्तरापासून आपल्या उत्तरापर्यंत महाराष्ट्र कसा येऊन पोंचला, हें पाहण्याचा आमचा विचार आहे. या इतिहासाला आरंभापासून एक अडचण चिकटलेली आहे. पैसा असून न देणारा आणि पैसा नसल्यामुळें देऊं न शकणारा, हे दोघेही धनकोच्या वहींत सारखेच दिसतात. त्यांना निरनिराळें ओळखावयास कायद्याला किती काळ लागला, तेंच मुख्यतः येथें सांगावयाचें आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत धनकोनें आपलें धन परत मिळविण्याचे पांच मार्ग सांगितले आहेत: धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. पहिला समजुतीचा, दुसरा सामान्यतः न्यायसभेचा, तिसरा युक्तीचा आणि पांचवा उघड जबरदस्तीचा. चौथ्याचा अर्थ टीकाकार बृहस्पतीच्या वचनावरून लावितात. ऋणकोच्या दारांत ठाण मांडून बसणें हा त्यांतलाच एक प्रकार. म्हणजे पांचांपैकीं चार मार्गांवर धनकोनें आपल्याच पायांनीं चालावयाचें होतें. मात्र त्याच शास्त्रानें त्याच्या लोभाला एक कुंपणही घातलें होतें. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होतां कामा नये, हा दामदुपटीचा नियम तो हाच. पुढें इंग्रजी अमलांत मुंबईच्या हायकोर्टानेंही हिंदु ऋणकोच्या बाबतींत तो मान्य केला.

पेशवाईच्या अखेरीस ही वसुली प्रत्यक्षांत कशी चाले, याचें चांगलें वर्णन माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं लिहिलेल्या आपल्या अहवालांत केलें आहे. या रीतीला आपल्याकडे 'तगादा' म्हणत आणि हिंदुस्थानांत 'धरणें' म्हणत, असें तो सांगतो. ऋणको बरोबरीचा किंवा खालच्या पायरीचा असला, तर धनको त्याला घरांत अडकवून ठेवी, जेवूं देत नसे, प्रसंगीं उन्हांत बसवी. डोक्यावर धोंडा देऊन एका पायावर उभें करण्यापर्यंत मजल जाई. ऋणको वरच्या पायरीचा असला म्हणजे सूर बदले. मग विनवण्या, उंबरठ्यावर लोळण, दारापुढें आरडाओरड, आणि शेवटीं उपोषण. धनको दारांत उपाशी बसला असतां घरधन्यासही घांस गिळतां येत नसे. तगादा न्याय्य असेल तोंवर अशा मनुष्याला हुसकावून लावणें अब्रूदारास शोभत नसे. आणि मागणें खोटें असल्यास त्रासलेला ऋणको स्वतःच पंचाईत मागे. त्यामुळें आळशी अधिकाऱ्याकडून जें झालें नसतें तें काम तगाद्यानें होई, असें एल्फिन्स्टनचें निरीक्षण आहे.

या चालीची तारीफ करावयाची किंवा तिला केवळ रानटी म्हणावयाचें, या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. आमच्या मतें तिचा गुण आणि तिचा दोष एकाच ठिकाणीं होता. ती अब्रूवर चाले. ज्याला अब्रूची चाड होती त्याच्याकडून पैसे लवकर येत, आणि त्याला वकील, स्टँप किंवा तारीख कांहींच लागत नसे. परंतु तगाद्याचें माप ऋणकोच्या ऐपतीप्रमाणें ठरत नसून त्याच्या पायरीप्रमाणें ठरे. बुडालेला कुणबी उन्हांत उभा राही आणि तिजोरी भरलेल्या सरदारापुढें धनकोच उपाशी बसे. देऊं न शकणाराला शिक्षा आणि न देणाराला विनवणी, असा हा उलटा न्याय होता.

इंग्रजी राज्यानें ही सत्ता धनकोच्या हातून काढून कोर्टाकडे दिली. १८६० च्या पिनल कोडांत, देवाचा कोप होईल अशा भीतीनें दुसऱ्याकडून कांहीं करविणें हा ५०८ व्या कलमानें गुन्हा ठरला. त्या कलमाखालीं दिलेलें पहिलेंच उदाहरण दारांत धरणें धरून बसणाराचें आहे. १ जुलै २०२४ पासून त्या कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, तींतही ३५४ व्या कलमांत हा गुन्हा कायम आहे. दारांतला धनको उठला. पण त्याच्या हातीं जें नवें साधन आलें तें त्याच्या उपोषणापेक्षां पुष्कळ जड होतें. १८५५ सालीं व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा उठली. १८५९ सालीं दिवाणी व्यवहाराचा कायदा आणि मुदतीचा कायदा असे दोन्ही आले. साध्या रोख्यावर दावा आणण्याची मुदत तीन वर्षें ठरली. हेतु असा कीं, जुनीं कर्जें वर्षानुवर्षें लोंबत राहूं नयेत. परिणाम निराळाच झाला. मुदत भरत आली म्हणजे सावकार व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेई, आणि अक्षरशत्रु कुळ त्यावर निशाणी करी. गांवचा सावकार बहुधा दुकानदारही असे, तेव्हां धान्याकापडाची उचापतही त्याच खतांत मिसळे. कोर्ट खत पाही. खतामागचा इतिहास पाहत नसे. जो हुकूमनामा मिळे त्याच्या पाठीमागें जप्ती आणि कैद उभी असे.

अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाला चढलेला भाव उतरला, सरकारसारा वाढला, आणि दख्खनचा शेतकरी कोंडला गेला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजारगांवीं लोक सावकारांवर उठले. पुणें व नगर या जिल्ह्यांत दंगा पसरला. माणसांना मारहाण त्या मानानें थोडी झाली. लोकांचा रोख खतांवर होता. खतें मागून घेत आणि जाळीत. ज्या कागदावर कोर्टाचा सगळा भरंवसा होता, त्यावर समाजाचा भरंवसा उरला नव्हता, हें याहून स्पष्ट कसें व्हावें?

चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. तो आरंभीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यानें न्यायाधीशाला खताच्या पाठीमागें जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब काढण्याचें काम सांगितलें. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं कैदेंत टाकणें बंद केलें. सावकारानें पावती व हिशेब द्यावा असें ठरविलें, आणि दाव्याची मुदतही वाढविली. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं या कायद्याखालीं तपासणीचें काम अनेक वर्षें केलें आणि १८८७ पासून ते त्याचे विशेष न्यायाधीश होते. वसुलीच्या इतिहासांत या कायद्याचें महत्त्व हें कीं, ऋणकोची स्थिति काय आहे, हा प्रश्न त्यानें कोर्टाच्या मेजावर आणून ठेविला.

तो प्रश्न पुढें सर्वांसाठीं विचारला जाऊं लागला. १९०८ च्या दिवाणी संहितेनें पैशाच्या हुकूमनाम्याखालीं स्त्रीची अटक मना केली. साठाव्या कलमानें अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाचीं भांडीं, कारागिराचीं हत्यारें, तसेंच धर्माचाराप्रमाणें स्त्रीला अंगावरून काढतां येत नाहींत असे अलंकार जप्तींतून वगळले. १९३६ सालीं ५१ व्या कलमाला जोड देऊन असें ठरविण्यांत आलें कीं, ऋणको पळून जाण्याच्या किंवा मालमत्ता दडविण्याच्या बेतांत आहे, अथवा ऐपत असून देत नाहीं, अशासारखी कांहीं गोष्ट सिद्ध झाल्यावांचून त्याला कैदेंत पाठवूं नये. १९८० सालीं जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें या तत्त्वाला राज्यघटनेचा आधार दिला. केवळ दारिद्र्य हा तुरुंगाचा रस्ता होऊं शकत नाहीं, असा त्या निकालाचा आशय आहे. पेशवाईंतल्या उन्हांतून निघालेला तो बुडालेला मनुष्य येथें एकदाचा सांवलींत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ऐपत असून न देणाराचें काय? त्याचा बंदोबस्त मात्र तितका झाला नाहीं. हिंदुस्थानांत पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात, अशा अर्थाचे उद्गार प्रिव्ही कौन्सिलनें १८७२ सालींच काढले होते. आजच्या दुकानदाराजवळ मार्ग कमी नाहींत. माल दिल्यापासून सामान्यतः तीन वर्षांच्या आंत त्याला दावा आणतां येतो. तेवढ्या अवधींत गिऱ्हाइकानें बाकी लेखी कबूल केली, तर मुदत नव्यानें मोजली जाते. नियमितपणें ठेविलेली वही पुराव्यांत येते, परंतु एकट्या वहीवर कोणालाही देणेदार ठरवितां येत नाहीं. म्हणून मालाच्या पोंचेवर सही घेणारा दुकानदार शहाणा. लेखी करारावरील ठराविक रकमेसाठीं संहितेच्या ३७ व्या ऑर्डरीखालीं जलद दावा करतां येतो. लोकअदालतींत तडजोड झाल्यास भरलेली कोर्टफी परत मिळते. १ एप्रिल १९८९ पासून न वटलेला चेक हा १३८ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. चेक परत आल्याचें कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि देणेदाराला पंधरा दिवस मिळतात. २००६ च्या कायद्यानें लहान उद्योगाकडून माल घेणाराला पैसे देण्यास फार तर पंचेचाळीस दिवस दिले आहेत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटाच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज चढतें. कंपनी मोठी व देणें एक कोटीचें असल्यास २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचें दारही आहे. ती संहिता केवळ वसुलीचें साधन नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं बजाविलें आहे. तरीही धाक म्हणून तिचा उपयोग होतोच.

या यादीकडे बारकाईनें पाहिलें असतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत येते. व्यापारी ज्या उपायांकडे धांव घेतो, ते धाकाचे आहेत. चेकच्या खटल्यांत तुरुंगाचा धाक, दिवाळखोरीच्या अर्जांत कंपनी हातची जाण्याचा धाक. तगादाच तो, दारांतून उठून कलमांत येऊन बसला आहे. साधा दावा वेळेवर निकालांत निघाला असता आणि हुकूमनामा वेळेवर बजावला गेला असता, तर त्याची इतकी गरज पडली नसती. बजावणीचें काम दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत संपवावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं सांगितलें आहे. तें जेथें पाळलें जाईल तेथें न्याय मिळेल. जेथें पाळलें जाणार नाहीं, तेथें कोणी मनूच्या पांचव्या मार्गानें वसुलीला माणसें धाडील. आणि त्या माणसांना न देणारा कोण व देऊं न शकणारा कोण, हें विचारण्याची संवय नसते. दीडशें वर्षांच्या खटपटीनें कायदा जें शिकला, तें बेलिफाच्या दिरंगाईनें गमावूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.