मॅकडोजो
शिकवणीच्या दर्जापेक्षा शुल्कवसुलीला महत्त्व देणाऱ्या कराटे, तायक्वांदो इत्यादींच्या धंदेवाईक शिकवणी-वर्गांना अमेरिकेत रूढ झालेले नाव. एंटर द ड्रॅगन (१९७३) आणि द कराटे किड (१९८४) या चित्रपटांनी तेथे या कलांची ओढ वाढवली. नवख्या विद्यार्थ्याला गुरू पारखता येत नाही, हे या वर्गांच्या यशाचे मुख्य कारण. विरोध करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी गाठच पडत नसल्याने डाव खरोखर लागतो का, हे त्याला कळत नाही. याउलट कुस्तीच्या आखाड्यात पाठ मातीला लागताच निकाल समजतो. दुसरे कारण कमरेच्या पट्ट्यांचे आकर्षण. जूदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी १८८० च्या दशकात ‘दान’ ही प्रावीण्याची श्रेणी सुरू केली. रंगीत पट्टे पुढे युरोपात रुजले. परीक्षाशुल्क भरताच नवा रंग मिळतो आणि मुलाची प्रगती पालकांना डोळ्यांनी दिसते. व्यायाम, शिस्त, मैत्री हे लाभ खरे आहेत. ते नाकारणे अन्यायाचे ठरेल. मात्र स्वसंरक्षणासाठी आलेल्या स्त्रीला न अजमावलेल्या कौशल्याचा भरवसा देणे गंभीर आहे. १९९३ मध्ये डेन्व्हर येथील पहिली यूएफसी ही वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांची स्पर्धा ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या रॉइस ग्रेसीने जिंकली आणि अनेक शैलींच्या मर्यादा उघड झाल्या. पुढे जिउ-जित्सूचेही असेच वर्ग निघाले.