जुन्नरच्या श्रेणी आणि डेबियनचे दप्तर

कल्याणहून माळशेजचा घाट चढून ओतूर, आळेफाटा, राजुरी, बेल्हे अशी गावे मागे टाकीत नगरकडे जाणाऱ्या सडकेवरून आज कांदा आणि टोमॅटो यांची वाहतूक चालते. परंतु या मुलखाच्या व्यापाराची पूर्वपीठिका पाहू जाता, नाणेघाटाने कोकणच्या बंदरांकडे उतरणाऱ्या सातवाहनकालीन तांड्यांपर्यंत मागे जावे लागते. राजुरीच्या पश्चिमेस, जुन्नरभोवतीच्या डोंगरांत जी लेणी आहेत, त्यांच्या भिंतींवरील ब्राह्मी लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे, बुरूड व कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचा उल्लेख आहे, आणि करंजाची व वडाची झाडे लावण्यासाठी शेतांचे उत्पन्न नेमून देणाऱ्या एका शक उपासकाचाही लेख आहे. दाता मरतो, टाक्यात गाळ साचतो, रोपाला तर रोज पाणी हवे असते. म्हणून जतनाचे काम एका माणसाच्या आयुष्यावर न टाकता, जिचा वारसा खंडत नाही अशा मंडळीच्या हवाली करावे आणि तो करार सर्वांना वाचता येईल असा दगडावर कोरून ठेवावा, ही दृष्टी मला त्या दानांच्या औदार्याहूनही थोर वाटते.

हीच दृष्टी, जुन्नरशी कसलाही संबंध नसताना, आपल्या काळात पुन्हा एकदा प्रकट झाली. 16 ऑगस्ट 1993 रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या तरुणाने लिनक्सवर आधारलेली डेबियन ही मुक्त संगणकप्रणाली जाहीर केली, आणि तिची प्रत्येक आज्ञावली एकेका स्वयंसेवकाने स्वतंत्र पॅकेज म्हणून सांभाळावी, अशी कामाची वाटणी पुढे रूढ झाली. 1996 च्या पहिल्या वहिल्या आवृत्त्यांपैकी एकीत अवघी 474 पॅकेजे होती. 2023 च्या आवृत्तीत ती 64 हजारांवर गेली. या कामाचा मोबदला डेबियन कोणास देत नाही. कोणी दिवसा नोकरी करून रात्री हे काम करतो, कोणी विद्यार्थी असतो. मात्र 1997 साली मंजूर झालेल्या सामाजिक करारात आपली प्रणाली सदैव मुक्त राहील आणि आपल्यातले दोष आपण लपवणार नाही, असे वचन या मंडळींनी जगाला दिलेले आहे.

पॅकेज सांभाळणे म्हणजे काय, हे बाहेरच्यास सहसा उमगत नाही. मूळ लेखकाने आज्ञावली लिहिली म्हणजे ती हजारो तऱ्हेच्या यंत्रांवर सुखरूप चालेलच असे नाही. तिला कोणत्या इतर आज्ञावलींचा आधार लागतो ते नमूद करणे, तिच्या परवान्याचा दस्तऐवज तपासणे, दोषांच्या तक्रारी वाचून दुरुस्ती मूळ लेखकाकडे पाठवणे, आणि प्रत्येक फेरफाराची तारीखवार नोंद स्वतःच्या नावानिशी दप्तरात करणे, हे सारे मेंटेनरच्या, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याच्या, माथी असते. नवे पॅकेज प्रथम ‘अनस्टेबल’ या विभागात येते, काही दिवस गंभीर दोष न आढळल्यास ‘टेस्टिंग’मध्ये सरकते, आणि पुष्कळ चाचणीनंतर ‘स्टेबल’ आवृत्तीचा भाग होते. मेंटेनरला कामातून मोकळे व्हावयाचे असेल तर पॅकेज बेवारस झाल्याचे जाहीर होते, आणि ते दुसरा कोणी पत्करीपर्यंत गुणवत्ता पाहणारी मंडळी त्याची देखभाल करते.

नोंद उघड असली म्हणजे चूक होत नाही, असे नव्हे. 2006 साली ओपनएसएसएल या पॅकेजातील दोन ओळी मेंटेनरने सद्‌हेतूने काढल्या, आणि त्यामुळे दोन वर्षे डेबियनवर तयार झालेल्या, माहितीला कुलूप घालणाऱ्या गुप्त किल्ल्या सहज ओळखता येण्याइतक्या मोजक्या निघत राहिल्या. 2008 साली ही गोष्ट उघडकीस आल्यावर ती जाहीर करण्यात आली. परंतु खरे भय एकटेपणाचे आहे, हे 2024 साली कळले. एक्सझेड नावाची माहिती संक्षेपाची आज्ञावली एक थकलेला गृहस्थ अनेक वर्षे विनामोबदला जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. मदतीचा बहाणा करून आलेल्या एका अज्ञात व्यक्तीने दोन-तीन वर्षे त्याचा विश्वास संपादन केला, कारभार हाती घेतला आणि त्या आज्ञावलीत चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास डेबियनच्या अनस्टेबल यंत्रावर दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून संशय आला आणि 29 मार्च रोजी त्याने ही हकीकत जगापुढे मांडली. स्टेबल आवृत्तीपर्यंत ते विष पोहोचले नव्हते. पायरीपायरीने पुढे सरकण्याची ती संथ रीत, जिला उतावळे लोक दिरंगाई म्हणतात, तिने त्या दिवशी असंख्य सर्व्हर वाचवले.

आपल्या मुलखाचे मुक्त आज्ञावलींच्या या कारभाराशी नाते दूरचे नाही. राजुरीपासून फार लांब नसलेल्या खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या वेधशाळेत 2010 च्या सुमारास अँटेनांकडून येणारे संकेत एकत्र जुळवण्याचे काम लिनक्सवर चालणाऱ्या, बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहाकडे आले. मराठी अक्षरांचेही तसेच: दर्‍या, सुर्‍या यांतील र-काराचे वेगळे रूप, मराठी वळणाचा ल आणि श, ही सारी पडद्यावर नीट उमटावीत म्हणून लोहित मालिकेतील फॉन्ट 2004 पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले, आणि त्यांची डेबियनमधील पॅकेजे स्वयंसेवकांनीच सांभाळली. डेबियन यंत्रावर बसवण्याची सूचना-भाषा म्हणून मराठी 2009 च्या ‘लेनी’ आवृत्तीत आली. 2023 साली डेबियनचे वार्षिक संमेलन प्रथमच भारतात, कोचीत भरले.

बेवारस पॅकेजांची यादी आजही सर्वांना खुली आहे. त्यांतील एखादे पॅकेज निवडून लहानशी दुरुस्ती करून पाठवावी, कोण्या जुन्या सदस्याने ती तपासून आपल्या सहीने दाखल करावी, आणि असे पुष्कळ काम झाल्यावर, ओळखपत्र पाहून सदस्यांनी नव्या माणसाच्या संगणकीय किल्लीला साक्ष दिली की त्याचे नाव डेबियनच्या सदस्यपटात चढावे, अशी तेथे प्रवेशाची वहिवाट आहे. राजुरीच्या शाळेतून शिकून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलेल्या मुलीला वा मुलाला त्यासाठी शुल्क लागत नाही, काम पाहिलेल्या एखाद्या सदस्याची शिफारस तेवढी लागते. चिकाटी मात्र वर्षानुवर्षांची लागते.