न दिसणारे दुखणे आणि विजेचा उपाय



आमच्या अकोले तालुक्यातील खेड्यापाड्यांत लकवा झाला असे क्वचितच कोणी म्हणते. "म्हातारबांच्या अंगावरनं वारं गेलं," असे म्हणतात. एक बाजू लुळी पडते, तोंड वाकडे होते, बोबडी वळते. घरचे लोक धावपळ करतात, मालिश होते, नवस बोलले जातात आणि नशीब असेल तर चार-सहा महिन्यांत म्हातारबा काठी टेकीत ओट्यापर्यंत येऊ लागतात. सगळ्यांना वाटते, सुटलो एकदाचे!

आणि मग काही घरांतून निराळीच तक्रार सुरू होते. म्हातारबा म्हणतात, "हात जळतोय रे माझा." हाताकडे पाहावे तर ना जखम, ना सूज. थंडीच्या दिवसांत प्रवरेवरून वारा सुटला की ते कळवळतात. सदऱ्याची बाही नुसती घासली तरी त्यांना सोसवत नाही. अशा वेळी घरात कोणीतरी हळूच एक शब्द उच्चारतो: सोंग.

हा शब्द खरा की खोटा, याचा निकाल लागायला वैद्यकाला फार काळ लागला. ती हकिगत आज सांगायची आहे. मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस. तेव्हा औषध सांगणार नाही, इतिहास सांगेन.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना पक्षाघात ठाऊक होता. चरकसंहितेत तो वातव्याधींमध्ये सांगितला आहे. "अंगावरून वारं गेलं" या आपल्या बोलीतही तोच वात आहे. सुश्रुतसंहितेत अग्निकर्म, म्हणजे तापवलेल्या साधनाने डागण्याची क्रिया, वर्णिली आहे. खेड्यात डाग देण्याची किंवा बिब्बा घालण्याची चाल दिसते, तिच्यामागे अशी जुनी समजूत आहे की जिथे दुखते तिथेच रोग असतो. लकव्यानंतरच्या या जळजळीच्या बाबतीत ही समजूत फसते. दुखते हातात, पण बिघाड असतो डोक्यात.

ही गोष्ट स्पष्टपणे मांडली ती पॅरिसच्या देजेरीन आणि रूसी या दोघा डॉक्टरांनी, १९०६ साली. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा एक भाग आहे. अंगभरच्या स्पर्शाच्या, उष्ण-थंडाच्या आणि वेदनेच्या वार्ता तिथे येतात आणि तिथून मेंदूच्या वरच्या थरांकडे जातात. या भागाला इजा झालेल्या रोग्यांना लुळ्या बाजूस असह्य वेदना होतात, हे त्यांनी दाखवले. पुढे असे दिसून आले की थॅलॅमसच नव्हे, तर वेदनेच्या वाटेवर मेंदूत कुठेही इजा झाली तरी असे दुखणे जडू शकते. आपला रेडिओचा संच घ्या. केंद्र नीट लागेनासे झाले की तो गप्प बसत नाही, खरखर करतो. तसेच काहीसे हे आहे. हातावरून वार्ता नीट येईनाशी झाली की मेंदू स्वतःच खरखर करू लागतो. ती खरखर म्हणजेच ती जळजळ. डेन्मार्कमधील एका पाहणीत लकवा झालेल्या शंभरांपैकी सुमारे आठ जणांना असे दुखणे जडल्याचे आढळले. तेव्हा हे सोंग नव्हे.

आता विजेकडे वळू. दुखण्यावर विजेचा उपाय ही कल्पना नवी नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस हा वैद्य डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा डोक्याला लावायला सांगत असे. १७९१ साली इटलीच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचा पाय विजेने हलतो, हे प्रसिद्ध केले. १८७० साली जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या एका भागाला सौम्य वीज लावली, तो विरुद्ध बाजूचा पाय हलला. चारच वर्षांनी अमेरिकेत बार्थोलो नावाच्या डॉक्टरने आजाराने कवटी उघडी पडलेल्या एका बाईच्या मेंदूत तार घालून वीज सोडली. तिला झटके आले आणि काही दिवसांत ती वारली. त्याच्यावर मोठी टीका झाली आणि ती योग्यच होती. ज्ञानाच्या हव्यासापोटी रोग्याचे माणूसपण विसरू नये, हा धडा त्या प्रसंगाने दिला.

विसाव्या शतकात मोजूनमापून मेंदूच्या आत नेमक्या जागी पोचण्याची साधने निघाली. भारतात १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. दुखणे थांबवण्यासाठी थॅलॅमसमध्ये बारीक तार कायमची बसवण्याचे प्रयत्न परदेशात १९७०च्या दशकात झाले. मग १९९१ साली जपानच्या त्सुबोकावा यांनी एक चमत्कारिक गोष्ट जाहीर केली. दुखणे स्पर्शाचे, पण त्यांनी तार ठेवली ती हातपाय हलवणाऱ्या भागावर, मेंदूवरच्या आवरणाबाहेर. आणि काही रोग्यांचे दुखणे कमी झाले! त्याआधी १९८५ साली इंग्लंडमधील शेफिल्डच्या बार्कर यांनी कवटी न उघडता, चुंबकाच्या ठोक्यांनी बाहेरूनच मेंदू उद्दीपित करण्याची युक्ती काढली होती. आता तीही या दुखण्यावर वापरतात. आपल्याकडे मुंबईत जसलोक रुग्णालयात मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया होते. ती मुख्यत्वे कंपवातासाठी.

मग लकव्यानंतरचे दुखणे यानेच बरे होते म्हणायचे का? नाही. थॅलॅमसमधील तारांची अमेरिकेत दोनदा मोठी परीक्षा झाली. एका वर्षानंतर निदान निम्म्या रोग्यांचे दुखणे निम्म्यावर यावे, ही कसोटी होती. ती पुरी झाली नाही. हालचालीच्या भागावरील विजेने काहींना चांगला आराम पडतो, काहींना मुळीच नाही. चुंबकाचा उपाय सोपा, पण त्याचा गुण बहुधा टिकत नाही, पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. शिवाय आकडीचा रोग असलेल्याला आणि डोक्यात धातूचा तुकडा असलेल्याला तो जपूनच द्यावा लागतो, कधी देताही येत नाही. म्हणून डॉक्टर आधी शिरांच्या दुखण्याची औषधे देऊन पाहतात. वीज ही शेवटची पायरी. बाजारात चुंबकाचा पट्टा किंवा विजेचे खेळणे कोणी "रामबाण" म्हणून विकू लागला, तर हा इतिहास आठवावा. आणि बधिर झालेल्या हातावर डाग तर देऊच नये. तिथली जखम रोग्याला नीट कळत नाही आणि ती चिघळते.

आणखी एक. लकव्याचा पहिला घाला होताच वेळ दवडू नये. रक्ताची गाठ अडकलेली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आमच्या डोंगरी तालुक्यात रतनवाडी-घाटघरकडून मोठ्या इस्पितळात पोचायचे म्हणजे साडेचार तास काहीच नव्हेत. म्हणून तोंड वाकडे झाले, हात खाली पडला, बोबडी वळली, ही तीन लक्षणे शिक्षकबंधूंनी शाळेतल्या मुलांकडून पाठ करून घ्यावीत. वेळ आली तर घरात तेच पोर आधी ओरडेल.

रोमच्या माशापासून जपानच्या तारेपर्यंतचा हा प्रवास अजून संपलेला नाही. पण एवढे मात्र नक्की ठरले आहे की ते दुखणे खरे आहे. म्हातारबा "हात जळतोय" म्हणतील तेव्हा विजेचे यंत्र कदाचित आपल्या आवाक्यात नसेल. पण "खरं आहे बाबा, चला डॉक्टरांना दाखवू," एवढे म्हणणे प्रत्येकाच्या आवाक्यात आहे. तिथूनच उपचाराला सुरुवात होते.